त्रेचाळीस सूचना आणि एक हात

सूचनाकाकांना स्वतःला गुहा बघायची अजिबात हौस नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे जे झालं त्याचं खापर भलत्याच गोष्टीवर फुटायचं. हौस होती ती त्यांच्या बायकोला, म्हणजे बाईंना. काकांना हौस होती फक्त सूचना लिहिण्याची, आणि ती बाळकडूबरोबरच मिळालेली असावी.

बत्तीस वर्षं काका पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. जनतेला सूचना देणं हे त्यांचं मुख्य काम. 'नळ गळत असल्यास बंद करावा.' 'बंद होत नसल्यास कळवावे.' 'कळवण्यास येताना मूळ कागदपत्रे आणावीत.' निवृत्त झाल्यावर जनता हातची गेली, पण सूचना कुठे जाणार? त्या राहत्या इमारतीत उतरल्या. इमारतीला लिफ्ट नव्हती, तर काकांनी तळमजल्यावर 'लिफ्ट नाही, जिन्याने जावे' असा फलक लावला. चार दिवसांनी त्याखाली 'येतानाही' अशी पुरवणी आली. तेव्हापासून सगळे त्यांना सूचनाकाका म्हणायला लागले आणि काकांना तो एक किताब वाटत असे.

बाईंना घरीदारी सगळे बाईच म्हणत. त्यांनी एकतीस वर्षं चौथीचा वर्ग शिकवला. चौथीच्या पुस्तकात आदिमानवाचा धडा होता आणि धड्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं एक चित्र होतं. शाई इतकी फुटलेली की आधी ते झाड वाटायचं. खाली लिहिलं होतं, 'खडकावर उमटवलेले हात'. दरवर्षी वर्गातलं एखादं तरी पोर विचारायचंच, "बाई, तो हात केवढा होता हो?" आणि बाई दरवर्षी म्हणायच्या, "बघून सांगीन." एकतीस वर्षांत बाईंनी मुलांना दिलेला हा एकच शब्द पाळायचा राहिला होता, आणि तो त्यांना फार टोचत असे.

त्यात गुडघ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, मान हलवली आणि ऑपरेशनसाठी दीड महिन्यानंतरची तारीख दिली. वर म्हणाले, "नंतर सपाटीवर छान चालाल. पण डोंगर, पायऱ्या वगैरे विसरा. काय चढायचं असेल ते त्याआधी चढून घ्या."

घरी येऊन बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मला ते हात बघायचेत."

आता ही काही हिमालयातली मोहीम नव्हती. गुहा बसने तीन तासांवर. सकाळची बस पकडायची, गुहा बघायची, वरचे खडकातले निवारे बघायचे, डबा खायचा आणि दिवेलागणीला घरी. दोघं उठून पुढच्या रविवारी गेली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मग सूचना कधी लिहायच्या?

काकांनी कोरा ताव घेतला, समास पाडला आणि शीर्षक लिहिलं : 'गुहा व प्रागैतिहासिक शैलाश्रय यांस भेट देणाऱ्यांसाठी उपयुक्त सूचना'. काकांनी आयुष्यात गुहा पाहिली नव्हती. पण त्यांनी धरणही पाहिलं नव्हतं, आणि तरी धरणाबद्दलच्या त्यांच्या सूचनांना कुणी कधी नावं ठेवली नव्हती.

पहिल्या सात सूचना खरंच शहाण्या होत्या. पायात घट्ट बूट घालावेत. विजेरी आणि जादा सेल घ्यावेत. पाणी बरोबर ठेवावे. भिंतींना हात लावू नये. चित्रांवर झगमगाट पाडून फोटो काढू नयेत. छत ठेंगणे असते, डोके सांभाळावे. आत आरडाओरडा करू नये. इथे थांबले तर ते काका कसले! त्यांनी तो ताव तळमजल्यावरच्या फलकावर लावला आणि खाली कचेरीतल्या सवयीने लिहिलं, 'हरकती व सूचना आठ दिवसांत पाठवाव्यात.'

आपल्याकडे कुणाला पैसे मागा, वेळ मागा, माणूस काचकूच करतो. सल्ला मागा, रांग लागते.

पहिले आले तळमजल्यावरचे औषधवाले. "काका, वटवाघळं असतात आत. हवा कोंदट. मास्क हवाच. आणि मलम, पट्ट्या, उलटीची गोळी, उलटी होत नसेल तर होण्याची गोळी." आठ ते पंधरा या सूचना त्यांच्या झाल्या आणि त्यातली एकही वस्तू अशी नव्हती की जी त्यांच्या दुकानात मिळत नव्हती. मग दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाकू आल्या. त्यांच्या चुलत जावेला म्हणे गुहेतून आल्यावर जी थंडी भरली ती तीन दुलयांना दाद देईना. "आत बाराही महिने गारठा असतो. सगळ्यांनी लोकरीचं घालायचं," असं सांगून त्या गेल्या आणि जाताना कुणाकुणाच्या स्वेटरचं माप घ्यायचं ते विचारून गेल्या. तिसऱ्या मजल्यावर पाच जणांचं एक कुटुंब राहत असे. ते पाच जण एकमेकांशी कशावरच सहमत नसत, पण डोक्याला हेल्मेट हवं यावर त्यांचं एकमत झालं, आणि त्या आनंदात त्यांनी नऊ सूचना दिल्या.

शेवटी ड्रिलमास्तर आले. हे शाळेतले कवायतीचे मास्तर, निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नव्हती. म्हणाले, "अंधारात माणसं हरवतात. सगळ्यांनी एकच दोरी धरायची. आणि प्रत्येकाकडे शिट्टी. एक शिट्टी म्हणजे मी आहे. दोन म्हणजे मी कुठे आहे? तीन म्हणजे तुम्ही कुठे आहात?"

"आणि चार?" काकांनी पेन सरसावलं.

"चार वाजवायची वेळ आली तर वाजवायला कोणी उरत नाही," मास्तर गंभीरपणे म्हणाले. काकांनी तेही लिहून घेतलं.

अशा त्रेचाळीस सूचना झाल्या. त्यांच्या दोन पानी प्रती निघाल्या, टाचण्या लागल्या, प्रत्येक दारात वाटल्या गेल्या. आणि ज्याने सूचना केली त्याला ती पाळली जाते की नाही हे बघायला यावंसं वाटणं साहजिक होतं. औषधवाले आणि त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, शिवणकाकू, तिसऱ्या मजल्यावरचे पाच, ड्रिलमास्तर, आणि काका-बाई. अकरा झाले.

"अहो, आपण दोघंच गेलो असतो तर?" बाईंनी एकदा हळूच विचारून पाहिलं.

"अगं, आता सूचना प्रसिद्ध झाल्यात," काका म्हणाले.

गुहेचा नियम असा, की दहापर्यंत माणसांनी खुशाल यावं आणि फाटकावर तिकीट काढून आत जावं. दहाच्या वर गट असेल तर तीन आठवडे आधी परवानगीचा अर्ज करायचा, सोबत सगळ्यांची ओळखपत्रं जोडायची. हा नियम वाचून दुसरा कोणीही म्हणाला असता, एकाला घरी ठेवा. काकांच्या अंगावर मात्र आनंदाने काटा आला. किती वर्षांनी अर्ज लिहायला मिळत होता!

आणि इथेच ती चूक झाली, जी जगात फक्त काकाच करू शकत होते. नियमात नुसतंच 'ओळखपत्र जोडावे' असं होतं. दुसऱ्या कोणी छायाप्रती जोडल्या असत्या. पण बत्तीस वर्षं काकांनी छायाप्रती जोडलेले अर्ज 'मूळ कागद जोडावा' असा शेरा मारून परत पाठवले होते. आपला अर्ज कोणी परत पाठवावा? शक्य नाही. त्यांनी 'कामासाठी हवीत' एवढंच सांगून अकरा जणांची मूळ ओळखपत्रं गोळा केली, अर्जाला टॅगने बांधली, खाकी लिफाफ्यात घातली, पाच ठिकाणी लाख लावली, वर निळ्या पेन्सिलीने 'तातडीचे' लिहून खाली तीन रेघा मारल्या आणि लिफाफा रजिस्टर पोस्टाने रवाना केला. पावती मात्र जिवापाड जपली.

तीन आठवडे झाले, उत्तर आलं नाही. काकांना त्याचं काही वाटलं नाही. तीन आठवड्यांत उत्तर देणाऱ्या कचेरीबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. ऑपरेशनला दहा दिवस उरले होते, त्याआधीचा हा शेवटचा रविवार. निघायचं ठरलं.

बसमधून अकरा माणसं फाटकाशी उतरली ती दृष्ट लागण्यासारखी. रणरणतं ऊन आणि सगळ्यांच्या अंगात लोकरीचे स्वेटर. गळ्यात शिट्ट्या. डोक्यावर हेल्मेटं, त्यात शिवणकाकूंना हेल्मेट न मिळाल्याने त्यांनी ॲल्युमिनियमचं पातेलं पदराने हनुवटीखाली बांधलेलं. ड्रिलमास्तरांनी लगेच सगळ्यांना दोरीला लावलं. दोरी म्हणजे बाईंच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी. निघायच्या गडबडीत तिचे चिमटे काढायचे राहिले होते, त्यामुळे प्रत्येकाच्या हाताशी दोन-तीन चिमटे लटकत होते.

फाटकाशेजारच्या खोलीत एक कारकून बसला होता. चष्मा कपाळावर, टेबलावर शिक्के उंचीप्रमाणे उभे केलेले. ती शिक्क्यांची रांग बघून काकांना भरून आलं. आपला माणूस आहे, त्यांना वाटलं.

"किती जण?" कारकुनाने विचारलं.

"अकरा. रीतसर अर्ज केलेला आहे."

"परवानगीचं पत्र?"

"यायचंय."

"मग तुम्ही का आलात?"

काकांनी पोस्टाची पावती पुढे केली. कारकुनाने ती उलटसुलट पाहिली. "ठीक. मूळ ओळखपत्रं दाखवा."

"अर्जाला जोडलीत."

"मूळ?"

"मूळ."

कारकुनाने पहिल्यांदाच मान वर केली. "मूळ कागद कोणी जोडतं का?"

"आमच्या कचेरीत जोडत असत," काका ताठ मानेने म्हणाले, पण त्यांचे कान लाल झाले.

दोरीच्या चौथ्या चिमट्यापासून औषधवाल्यांचा आवाज आला, "म्हणजे माझं ओळखपत्र आत्ता नक्की आहे कुठे?"

काकांनी बोट दाखवलं. कारकुनाच्या कोपरापाशी एक ट्रे होता आणि ट्रेमध्ये सगळ्यात वर खाकी लिफाफा होता. पाच लाखेचे ठिपके. निळ्या पेन्सिलीच्या तीन रेघा. काकांनी स्वतःच्या मुलाला गर्दीत ओळखावं तसा तो ओळखला. "हाच आमचा अर्ज!"

"हा लिफाफा आहे," कारकून म्हणाला. "नोंद झाली की त्याचा अर्ज होतो. नोंद करणारे सोमवारी येतात."

"उघडून तर बघा. आत अकरा जण आहेत."

"असतील. उघडायचा अधिकार मला नाही."

दुसऱ्या कुणाशी त्यांनी हुज्जत घातली असती, पण या वाक्याशी कशी घालणार? ते त्यांचंच होतं. बत्तीस वर्षं त्यांनी ते खिडकीच्या आतल्या बाजूने म्हटलं होतं, आणि बाहेरच्या बाजूने ते कसं ऐकू येतं हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. फार वाईट ऐकू येत होतं. किती माणसं अशी समोर उभी राहिली असतील आणि काही न बोलता जिना उतरून गेली असतील, या विचाराने त्यांना लाज वाटली.

बाई बाहेरच्या दगडी बाकावर बसून गुडघा चोळत होत्या आणि समोरच्या कड्याकडे बघत होत्या. बाई बोलत नसल्या की काकांना ते जास्त ऐकू येत असे.

एरवी अशा अडचणीत बाईंचा एखादा जुना विद्यार्थी धावून येतो. बाईंचे विद्यार्थी बँकेत होते, पोलिसात होते, एकदा तर दात काढायला गेल्यावर दातवालाच विद्यार्थी निघाला होता. शिवणकाकूंनी आशेने कारकुनाला विचारलं, "तुम्हाला चौथीला कोण होतं हो?" कारकून म्हणाला, "मी थेट पाचवीत बसलो."

"मी बाहेर थांबतो," काका एकाएकी म्हणाले. "दहा जणांना तर सोडाल?"

"अकरांचा अर्ज प्रलंबित असताना त्यातल्या दहांना कसं सोडणार?"

खरं होतं. काकांनीही सोडलं नसतं. त्यांनी पुन्हा बाकाकडे पाहिलं, पुन्हा ट्रेकडे पाहिलं, आणि मग जे त्यांनी बत्तीस वर्षांत कुणासाठीही केलं नव्हतं ते केलं. पळवाट शोधली.

"हा लिफाफा नोंदलेला नाही. म्हणजे कचेरीच्या दृष्टीने तो आलेलाच नाही. बरोबर?"

"बरोबर."

"आलेला नाही, तर अर्ज नाही. अर्ज नाही, तर अकरांचा गट नाही. गट नाही, तर आम्ही कोण?"

कारकुनाने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "कोण?"

"सुटे प्रवासी. आपापले आलेले."

कारकुनाने काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "कुठल्या खात्यात होतात?"

"पाणीपुरवठा."

"वाटलंच," कारकून म्हणाला आणि त्याने चक्क उठून काकांना खुर्ची दिली. "पण सुटे असाल, तर सुटे दिसायला हवं. दोरी सोडा. दोन-दोन मिनिटांनी एकेकाने यायचं. वहीत 'सोबत कोण' असा रकाना आहे, तिथे मी विचारून लिहिणार."

मग अकरा माणसं, सारख्या शिट्ट्या, सारखे घामाघूम चेहरे, एकमेकांना न ओळखता रांगेत उभी राहिली. औषधवाल्यांना विचारलं, या हेल्मेटवाल्या गृहस्थांना ओळखता का? "नाही, आणि आजपासून ओळखायची इच्छाही नाही," ते काकांकडे बघत म्हणाले. शिवणकाकू पातेलं सावरत मोठ्याने म्हणाल्या, "वहिनी, आपण ओळखत नाही हं एकमेकींना. डबा तुमच्याकडेच आहे ना?" तिसऱ्या मजल्यावरच्या पाचही जणांनी आपला इतर चौघांशी संबंध नसल्याचं इतक्या मनापासून सांगितलं, की कारकुनाला शंकाही आली नाही. ड्रिलमास्तरांनी उत्तरादाखल एक शिट्टी वाजवली.

सगळ्यात शेवटी बाई आल्या. कारकुनाने पेनने काकांकडे दाखवलं. "हे तुमचे कोण?"

"चाळीस वर्षं तेच बघतेय," बाई म्हणाल्या. कारकुनाने रकान्यात 'कोणी नाही' असं लिहिलं.

गुहेबद्दल खरं तर खूप लिहिता आलं असतं, पण त्या मंडळींपैकी कोणी ती धड पाहिलीच नाही. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुटलेली माणसं अंधारात शिरली आणि कुणीतरी, बहुधा काकूंनी, धीर व्हावा म्हणून एक शिट्टी वाजवली. तिला दोन शिट्ट्यांचं उत्तर आलं. त्यावर तीन आल्या. पाच मिनिटांत एकमेकांना न ओळखणारी अकरा माणसं एकमेकांना गुहाभर विचारत होती, तुम्ही कुठे आहात? मग वटवाघळं उठली. वटवाघळांपाठोपाठ पहारेकरी उठला. पुढच्या बोळात छत कमरेएवढं ठेंगणं होतं, तिथे औषधवाले पाठीवरच्या पिशवीसकट अडकले. आठ ते पंधरा या सूचनांतलं सगळं सामान त्या पिशवीत होतं. पहारेकऱ्याने पिशवी पुढून ओढली, मास्तरांनी औषधवाले मागून ढकलले, आणि दोघंही वेगवेगळे सुटले. आणि आत गारठा होता, हे काकूंच्या बाजूने मान्य करायला हवं. गारठा पन्नास पावलं टिकला. पलीकडच्या तोंडाने बाहेर आल्यावर सगळ्यांनी स्वेटर काढून मास्तरांच्या खांद्यावरच्या दोरीला चिमट्यांनी लावून टाकले.

आता राहिल्या होत्या वरच्या निवाऱ्यांच्या पायऱ्या. चौसष्ट. हात तिथे होते.

बाई अकरा पायऱ्या चढल्या आणि थांबल्या. बाराव्या पायरीवर पाय ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "थांबते जरा," म्हणत त्या तिथेच बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. आल्यावर सांगा मला."

काका खालच्या पायरीवर उभे होते. हातात त्रेचाळीस सूचनांची प्रत होती. वटवाघळाने झेप घेतल्यास काय करावे, ते होतं. विजेरी पाण्यात पडल्यास, होतं. उलटी न झाल्यास, होतं. ज्या एका माणसासाठी हे सगळं चाललं होतं, तिच्या गुडघ्याबद्दल एक ओळ नव्हती. महिनाभर ते लिहीत होते आणि ती समोर बसून गुडघा चोळत होती, आणि त्यांना सुचलं नव्हतं.

"मी सांगणार नाही," काका म्हणाले. "तू गेल्याशिवाय मी बघणारच नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. मग म्हणाल्या, "अहो, बाळं जिना कशी चढतात?"

आणि त्या उलट्या फिरल्या. पाठ चढाकडे, तोंड दरीकडे. दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकले, धडक्या पायाने जोर दिला आणि बसल्या बसल्या एक पायरी वर सरकल्या. दुखलं नाही. दुसरी सरकल्या. वरून उतरणारं एक तरुण जोडपं थबकलं. काकांनी इकडे तिकडे पाहिलं. हेडक्लार्कच्या जागेवरून निवृत्त झालेला माणूस, इस्त्रीची पँट, चारचौघांत. मग त्यांनी पँट गुडघ्यापाशी किंचित वर ओढली आणि बाईंच्या शेजारी बसून उलटे सरकू लागले.

"मळेल ती," बाई म्हणाल्या. पायरीवर खडी होती, वटवाघळांचीही कृपा होती. काकांनी क्षणभर विचार केला, टाचणी काढली, पहिलं पान बाईंच्या पायरीवर घातलं आणि दुसरं स्वतःच्या. खालून शिवणकाकूंनी आपली प्रत वर सरकवली, तिसऱ्या मजल्यावरच्यांकडून पाच प्रती आल्या. औषधवाले म्हणाले, "मी अजून रागावलेलोच आहे," आणि त्यांनीही आपली प्रत दिली. बाई एकट्या अशा चढताना बऱ्या दिसणार नाहीत म्हणून की काय, एकेक करून सगळेच बसले. ड्रिलमास्तर ताल धरून हळू शिट्टी देऊ लागले आणि अकरा सुटे प्रवासी पाठमोरे, त्रेचाळीस सूचनांवर बसत बसत, कडा चढले. त्या सूचनांचा इतका उपयोग होईल असं खुद्द काकांनाही वाटलं नव्हतं.

वर एक लांबलचक खडक पुढे झुकलेला, त्याखाली सावली, समोर बुटका, गजांचा कठडा आणि कठड्याआड फलक : 'हात लावू नये'. फलकाच्या खूप वर, छतापाशी, हात होते. गेरूच्या रंगाचे, मोठे, पाच-सहा एकाशेजारी एक. सगळे माना वर करून बघत राहिले. तिसऱ्या मजल्यावरचे पाचही जण एका वेळी गप्प होते.

बाईंना मात्र लगेच उभं राहता येईना. त्या कठड्याला टेकून जमिनीवरच बसल्या होत्या. बसलेल्या माणसाला समोर जे दिसतं ते त्यांना दिसलं.

"अहो," त्या म्हणाल्या. "इकडे या. खाली बसा."

काका बसले. बसण्याचा आता चांगला सराव झाला होता. फलकाच्या खांबाशेजारी, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक छोटासा हात होता. पाचही बोटं नीट उमटलेली. करंगळी तेवढी जरा पुसटलेली, काढताना हलल्यासारखी.

"हा चौथीतला आहे," बाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"एकतीस वर्षं दर सोमवारी नखं बघायला हात पुढे करायला लावलेत मी. चौथीतला हात मला कळतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या हसतही होत्या. "मी आपली इतकी वर्षं दाढीवाला मोठा माणूस डोळ्यांपुढे आणत होते. मोठ्यांचं वर काम चाललं असेल. याला इथे खाली बसवलं असेल. आणि बजावलं असेल कुणीतरी, भिंतीला हात लावायचा नाही म्हणून."

काकांनी फलकाकडे पाहिलं. ही त्यांचीही चौथी सूचना होती.

"ऐकलं नाही त्याने, ते बरं झालं," ते म्हणाले.

बाईंनी मास्तरांकडे हात केला. "माझी दोरी द्या." तिच्यावरचे स्वेटर काढून त्यांनी दोरीचा थोडा भाग खडकापासून वीतभर अलीकडे ताणून धरला, एक डोळा मिटला, एक चिमटा मधल्या बोटाच्या टोकाशी लावला आणि दुसरा मनगटाशी. पहारेकरी धावत आला. शिट्ट्यांपासून तो या मंडळींवर डोळा ठेवून होता.

"काय चाललंय?"

"माप घेतेय. लावलेला नाही हात," बाई म्हणाल्या.

तो वाकला. "हा होय, बारका! याच्याकडे कोणी बघत नाही," म्हणाला, आणि बाईंचं होईपर्यंत विजेरी धरून उभा राहिला.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. त्याच आठवड्यात खाकी लिफाफा परत आला. वर लाल शाईत शेरा होता, 'मूळ कागद जोडू नयेत.' काकांनी तो दोनदा वाचला, ओळखपत्रं ज्याची त्याला नेऊन दिली आणि औषधवाल्यांची चार वाक्यं उभ्याने ऐकून घेतली.

दवाखान्यातून आलेल्या बाई काठीच्या आधाराने इमारतीत शिरल्या, तेव्हा तळमजल्यावरच्या फलकावर त्रेचाळीस सूचना नव्हत्या. फलकाच्या बऱ्याच खाली, लहान मुलांच्या उंचीला, दोन खिळ्यांमध्ये दोरीचा तुकडा ताणून बसवला होता. त्याला दोन चिमटे होते.

"माझी दोरी कापलीत?" बाई म्हणाल्या.

काकांनी खाली बोट दाखवलं. दोरीखाली त्यांच्या वळणदार अक्षरात कागद होता : 'चिमटे हलवू नयेत. हात लावून बघावा.'

समोरच्या घरातली, तिसरीत जाणारी एक मुलगी तिथे उभी होती. तिने दोरीवर हात ठेवला, मनगट खालच्या चिमट्याशी नेमकं जुळवलं. मधलं बोट वरच्या चिमट्याच्या थोडं अलीकडे राहिलं.

"बाई, माझ्यापेक्षा मोठा आहे," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी बघ," बाई म्हणाल्या.